जुन्या फोनला नवीन अपडेट येत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

घरातले, शेजारचे, ऑफिसातले असे कितीतरी फोन एकाच तक्रारीने माझ्या हातात येतात: "अपडेट येतच नाहीये, जरा बघ ना." तक्रार एक असली तरी तिच्यामागची कारणं वेगवेगळी असतात, आणि कारण कळल्याशिवाय केलेली खटपट बहुतेक वेळा वाया जाते. म्हणून आधी तुमच्या फोनवर नेमकं काय दिसतंय ते खालच्यापैकी कशाशी जुळतं ते बघा.

लक्षणं

- सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर "तुमचा फोन अद्ययावत आहे" असं येतं, आणि नवीन व्हर्जन बाहेर येऊन तर महिने झालेत.
- तपासायला दाबलं की गोल फिरत राहतं आणि शेवटी "अपडेट तपासता आलं नाही" असं येतं.
- अपडेट दिसतं, डाउनलोडही होतं, पण इन्स्टॉल होताना अडतं. किंवा फोन रिस्टार्ट होऊन परत जुन्याच व्हर्जनवर येतो.
- याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला आलं, आपल्याला नाही.
- अपडेट झालं, पण ज्या सोयीसाठी केलं ती सोय कुठेच नाही.
- एखादं ॲप "या डिव्हाइसवर चालणार नाही" असं सांगतं.

दुसरं आणि तिसरं लक्षण हे खरे बिघाड आहेत आणि ते बऱ्याचदा घरीच सुटतात. चौथ्याला सहसा फक्त वाट पाहायची असते. पहिलं, पाचवं आणि सहावं हे बहुतेक वेळा बिघाड नसतातच, पण लोक सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा त्यांच्यावरच घालवतात.

आणखी एक प्रकार मी या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. ब्राउझरमध्ये किंवा मेसेजमध्ये "तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, अपडेटसाठी इथे दाबा" असं काही आलं तर तो फसवणुकीचा प्रकार समजा. सिस्टिमचं अपडेट फोनच्या सेटिंगमधून येतं, वेबपानावरच्या बटणातून नाही. ते पान बंद करा, काहीही डाउनलोड करू नका.

१. फोनवर काय लिहिलंय ते आधी वाचा

याला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी हे कोणी करत नाही. सेटिंगमध्ये "फोनविषयी" किंवा "अबाउट फोन" उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: मॉडेल नंबर, अँड्रॉइड व्हर्जन, सिक्युरिटी अपडेटची तारीख आणि गूगल प्ले सिस्टिम अपडेटची तारीख. काही फोनमध्ये शेवटच्या दोन तारखा "सिक्युरिटी"च्या पानावर असतात. आयफोनवर मॉडेल आणि आयओएसचं व्हर्जन एवढंच पुरतं.

मॉडेल नंबर हवा, नुसतं नाव नको. एकाच नावाने विकलेल्या फोनमध्ये वेगवेगळ्या चिप असू शकतात, आणि कंपनीच्या लेखी ते वेगवेगळे फोन असतात. एकाला अपडेट मिळतं, दुसऱ्याला नाही.

आता त्या तारखा. अँड्रॉइडमध्ये "अपडेट" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे व्हर्जन बदलणं, समजा १३ वरून १४ वर जाणं. दुसरी सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारं छोटं अपडेट: गूगल ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला सापडलेल्या त्रुटींची यादी काढतं आणि फोन कंपनी त्यावरचे उपाय आपल्या फोनसाठी पाठवते. तिसरी प्ले सिस्टिम अपडेट. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टिमचे काही भाग गूगल थेट पाठवू शकतं, फोन कंपनीला मध्ये न घेता.

समजा एखाद्या फोनवर दिसतंय की अँड्रॉइड ११ आहे, सिक्युरिटी पॅच अडीच वर्षांपूर्वीचा आहे, पण प्ले सिस्टिमची तारीख बरीच अलीकडची आहे. या तीन ओळींतून सगळी हकिकत कळते: नेट चालू आहे, गूगलशी संपर्क आहे, फोन ठीक आहे. कंपनीने पाठवणं थांबवलंय. अशा फोनचं वायफाय तपासण्यात अर्थ नाही.

आणि "तुमचा फोन अद्ययावत आहे" याचा अर्थ "जगातलं सगळ्यात नवीन व्हर्जन तुमच्याकडे आहे" असा नाही. "तुमच्या मॉडेलसाठी सर्व्हरवर याच्यापुढे काही ठेवलेलं नाही" एवढाच तो निरोप आहे.

२. तुमचं मॉडेल यादीत आहे का?

हीच खरी तपासणी. पुढचं सगळं हिच्या उत्तरावर अवलंबून आहे. कंपनी अजून कोणत्या फोनना अपडेट देते ती यादी तिच्या अधिकृत साइटवर असते, तिथे मॉडेल नंबर शोधा. यूट्यूबवरच्या "या फोनना मिळणार" छापाच्या याद्यांवर विसंबू नका, त्यातल्या कितीतरी अंदाजाने केलेल्या असतात.

आयफोनचा हिशोब सरळ आहे. २०२३ च्या आयओएस १७ ने आयफोन ८, ८ प्लस आणि एक्स वगळले. २०२४ चं आयओएस १८ एक्सआर आणि एक्सएस पासून पुढे चालतं. २०२५ च्या आयओएस २६ ने एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्सही वगळले, आणि मुख्य मालिकेत आता आयफोन ११ पासून सुरुवात होते. (१८ नंतर एकदम २६ बघून बरेच जण घाबरतात. मधली सात अपडेटं तुमची चुकलेली नाहीत. ॲपलने आकडा वर्षाशी जोडला, म्हणून उडी दिसते.)

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचा, आणि कंपनीतल्याही प्रत्येक मालिकेचा, शब्द वेगळा. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ ला ७ वर्षं अपडेटचं आश्वासन दिलं. पिक्सेल ६ आणि ७ ला सुरुवातीला ३ वर्षंच व्हर्जन अपडेटं मिळणार होती, नंतर गूगलने ती ५ वर्षं केली. म्हणजे यादी बदलू शकते. दोन वर्षांपूर्वी तपासलं असेल तर आज पुन्हा बघा. स्वस्त फोनना मात्र अनेकदा एखाददुसऱ्या व्हर्जनपुरतंच आश्वासन असतं. तेही बॉक्सवर ठळक छापलेलं नसतं, साइटवर शोधावं लागतं.

इथे एक घोटाळा फार लोकांचा होतो: वर्षं खरेदीच्या तारखेपासून मोजतात. ती मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजायची असतात. फोन येऊन दोन वर्षं झाल्यावर सवलतीत घेतला, तर बिल कालचं असलं तरी दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

"पण फोन तर मस्त चालतोय, मग देत का नाहीत?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी चिपमध्ये आहे. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स हे सगळं चालवणारे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग आणि सिस्टिम यांना जोडणारे छोटे प्रोग्रॅम, चिप बनवणारी कंपनी देते. अँड्रॉइडचं व्हर्जन बदललं की तेही नव्याने जुळवावे लागतात. चिप कंपनीने जुन्या चिपवरचं काम थांबवलं, तर फोन कंपनीने मनात आणलं तरी पुढे जाणं महागडं आणि किचकट होऊन बसतं. यावर तोडगा म्हणून २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत प्रोजेक्ट ट्रेबल आला. त्याने अँड्रॉइडची मूळ सिस्टिम आणि चिपचा भाग वेगळे केले, म्हणजे एक बदलताना दुसरा प्रत्येक वेळी पुन्हा लिहावा लागू नये. डिसेंबर २०२० मध्ये गूगल आणि चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने तिच्या स्नॅपड्रॅगन ८८८ चिपपासून ३ व्हर्जन अपडेटं आणि ४ वर्षं सिक्युरिटी जाहीर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्नॅपड्रॅगन ८ एलिटपासून ८ वर्षांपर्यंत अपडेटची सोय सांगितली. म्हणूनच २०१८-१९ चा उत्तम फोनही दोन-तीन अपडेटांवर थांबलेला दिसतो, आणि आजचा मधल्या किमतीचा फोन त्याच्यापेक्षा लांब जाऊ शकतो. फोनची किंमत आणि वय यापेक्षा चिप आणि कंपनीचा शब्द जास्त महत्त्वाचे. आणि कंपनीच राहिली नाही तर? एलजीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा फोनबाबत आशा धरून बसू नका.

यादीतून मॉडेल गेलं म्हणजे लगेच सगळं संपलं असंही नाही. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये आयओएस १२.५.७ मिळालं. नवीन सोय त्यात काही नव्हती, पण सिक्युरिटीची दुरुस्ती होती. म्हणून जुन्या आयफोनवर छोटं अपडेट आलं तर "आता काय उपयोग" म्हणून ते टाळू नका. उपयोग असतो.

पाचव्या लक्षणाचं उत्तरही इथेच. व्हर्जन मिळणं आणि त्यातली प्रत्येक सोय मिळणं वेगळं. आयओएस १८ एक्सआरवर चालतं, पण ॲपल इंटेलिजन्सला, म्हणजे ॲपलच्या एआय सोयींना, आयफोनमध्ये किमान १५ प्रो लागतो. फोन रिसेट करून ती सोय येणार नाही.

मॉडेल यादीत नसेल तर पुढच्या सहा तपासण्या सोडून द्या आणि थेट "सपोर्ट संपला असेल तर" या भागाकडे जा. हे मी कळकळीने सांगते, कारण यादीत नसलेल्या फोनवर लोक रिसेट करतात, फोटो घालवतात, आणि फोन जिथे होता तिथेच राहतो.

३. तारीख, नेट, चार्जिंग, रिस्टार्ट

मॉडेल यादीत आहे, तरी अपडेट तपासताच येत नाही? आधी घड्याळ बघा. कपाटात बरेच महिने बंद पडलेला फोन चार्ज करून सुरू केला की अनेकदा तारीख काही वर्षं मागची असते. सर्व्हरशी बोलताना फोन त्याचं डिजिटल प्रमाणपत्र तपासतो, आणि प्रमाणपत्राला "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. फोनच्या लेखी आजचा दिवस २०१९ चा असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं, आणि तो बोलणंच तोडतो. पडद्यावर मात्र फक्त "तपासता आलं नाही" दिसतं. तारीख-वेळ "आपोआप" वर ठेवा. निम्मे "तपासता आलं नाही" वाले फोन इथेच सुटतात, असा माझा अनुभव आहे.

मग व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप) आणि जाहिराती अडवणारं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बंद करून बघा, त्यात कधी कधी अपडेटचा सर्व्हरही अडतो. सार्वजनिक वायफाय टाळा. चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या, आणि इन्स्टॉल करताना चार्जर लावलेलाच असू द्या. जुन्या बॅटरीवर दिसणारे ३० टक्के खरे ३० टक्के नसतात, आणि इन्स्टॉलच्या मध्येच फोन बंद पडणं कोणालाच नको.

४. वाट बघा

अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी जात नाही. आधी थोड्या फोनना पाठवतात, गडबड नाही ना ते बघतात, मग वाढवत नेतात. प्रदेश आणि सिमकार्ड कंपनीनुसारही वेळापत्रक बदलतं. दुसऱ्या कोणाला आलं म्हणून कुठून तरी फाइल शोधून ती फोनमध्ये घालायची घाई करू नका. चुकीच्या प्रदेशाची फाइल गेली तर नेटवर्क जाण्यापासून पुढची अपडेटं बंद होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

५. जागा

अपडेट १ जीबीचं असलं तरी १ जीबी मोकळी जागा पुरत नाही. डाउनलोड ठेवायला एक जागा लागते आणि ते उलगडायला दुसरी. मी डाउनलोडच्या निदान दुप्पट जागा मोकळी करते, मोठं व्हर्जन असेल तर त्याहून जास्त. मेमरी कार्डवर जागा असून फायदा नाही, हे काम फोनच्या आतल्या स्टोरेजवर चालतं.

गॅलरीतून फोटो काढले तरी जागा वाढत नाही असं वाटलं तर गॅलरीचा कचरा रिकामा करा, काढलेले फोटो तिथे काही आठवडे पडून असतात. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंगमधून स्टोरेजचं पान उघडलं की कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसतं. सुप्रभातचे व्हिडिओ तिथून एकगठ्ठा जातात.

आयफोनवर इन्स्टॉल वारंवार अडत असेल तर सेटिंग, जनरल, आयफोन स्टोरेज इथे जा. ॲपच्या यादीतच आयओएसचं अर्धवट उतरलेलं अपडेट दिसतं. ते डिलीट करा, रिस्टार्ट करा, पुन्हा डाउनलोड करा. खराब उतरलेली फाइल कितीही वेळा चालवली तरी ती खराबच राहते.

रिस्टार्ट होऊन जुन्याच व्हर्जनवर येणाऱ्या अँड्रॉइडबद्दल एक दिलासा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये सिस्टिमचे दोन संच असतात. अपडेट न वापरातल्या संचावर चढतं, आणि तो नीट सुरू झाला नाही तर फोन आपोआप जुन्यावर परततो. म्हणजे फोन स्वतःला वाचवतोय. जागा करा, पुन्हा प्रयत्न करा.

६. फोनमध्ये कोणी काही बदललंय का?

सेकंडहँड फोन असेल तर हे नक्की तपासा. रूट केलेला (सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलेला) किंवा बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, जो एरवी कुलूपबंद असतो) उघडलेला फोन सुरू होताना बहुतेक वेळा इशारा दाखवतो. अशा फोनचं अपडेट अडण्याचं कारण साधं आहे: २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून अपडेट आधी सिस्टिमचा सगळा भाग मूळ आहे का ते पडताळून बघतं, आणि एवढासा फरक सापडला तरी थांबतं. बीटा कार्यक्रमात, म्हणजे अपडेट पक्कं होण्याआधी चाचणीसाठी घेणाऱ्यांत, नाव नोंदवलेलं असेल तर तेही काढावं लागतं. ऑफिसने दिलेल्या फोनवर ऑफिसने बसवलेलं नियंत्रणाचं प्रोफाइल अपडेट रोखून धरू शकतं. तिथे स्वतः काही करू नका, ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा.

७. कॉम्प्युटरवरून

त्याआधी बॅकअप. आणि घेतलेला बॅकअप खरंच घेतला गेला का ते उघडून बघणं. फोटो दुसऱ्या डिव्हाइसवर दिसतायत का, व्हॉट्सॲपच्या बॅकअपची तारीख आजची आहे का, आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे ओटीपी दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप. त्यातले कोड गेले तर ईमेलपासून सगळी खाती बंद दाराआड जातात.

आयफोन मॅकवर फाइंडरमधून आणि विंडोजवर ॲपल डिव्हाइसेस किंवा आयट्यून्समधून अपडेट होतो. फोनवर जागा कमी असली तरी हा मार्ग चालतो, कारण फाइल कॉम्प्युटरवर उतरते. बटणं दोन दिसतील. "अपडेट" दाबा. "रिस्टोर" दाबलंत तर फोन कोरा होतो. अँड्रॉइडमध्ये फोन कंपनीचं स्वतःचं अधिकृत साधन असेल तरच हा मार्ग घ्या.

८. फॅक्टरी रिसेट

रिसेटने व्हर्जन बदलत नाही आणि यादीत नसलेला फोन यादीत येत नाही. मॉडेल यादीत असून वरचं सगळं करूनही इन्स्टॉल अडत असेल, तरच ही पायरी. बॅकअप तपासल्याशिवाय अजिबात नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

फोनची मागची बाजू कडेने उचललेली दिसतेय, पडदा फ्रेममधून वर आलाय किंवा फोन टेबलावर ठेवला की डुगडुगतो: बॅटरी फुगली आहे. अपडेटचा विचार सोडा. चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.

फोन कंपनीच्या लोगोवर अडकून राहिलाय आणि आतल्या फोटोंचा बॅकअप नाही, तर स्वतः रिकव्हरीत (बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन एकही पर्याय निवडू नका. तिथल्या चुकीच्या ओळीवर एकदा दाबलं की डेटा जातो. दुकानात दिल्यावर पहिलंच वाक्य "डेटा हवाय" हे सांगा, आणि ते लिहून घ्या.

कॉम्प्युटरवरून, चांगल्या केबलने, पुरेशा जागेतही अपडेट पुन्हा पुन्हा त्याच टप्प्यावर पडत असेल, किंवा त्या वेळी फोन भाजण्याइतका तापत असेल, तर दोष स्टोरेज चिप किंवा बोर्डाचा असू शकतो. तो घरी सुटत नाही. पाण्यात पडलेल्या फोनचंही तेच.

आणि "तुमच्या जुन्या फोनमध्ये नवीन अँड्रॉइड टाकून देतो" असं कोणी म्हटलं तर विचारा: कंपनीचं अधिकृत आहे का? नसेल तर ती कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली सिस्टिम. लिनेजओएससारखे प्रकल्प प्रामाणिक आहेत, त्यांनी बरेच जुने फोन जागते ठेवलेत. पण बूटलोडर उघडताना सगळा डेटा पुसला जातो, बँकेची ॲप नंतर नकार देऊ शकतात, आणि काही फोनमध्ये मागे फिरता येत नाही. पिक्सेल ६ वर ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ घेतल्यावर १२ वर परतायची वाट गूगलनेच बंद केली होती. बाजूला पडलेल्या फोनवर हे जरूर शिका. ज्या फोनवर पैसे येतात-जातात त्यावर नको.

सपोर्ट संपला असेल तर

फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. हळूहळू एकेक गोष्ट सुटत जाते. ३० सप्टेंबर २०२१ ला वेबसाइटना मोफत डिजिटल प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्यावर टेकली होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनचा प्रश्न उभा राहिला आणि त्यांच्यासाठी वेगळी तात्पुरती सोय करावी लागली. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला आयओएस १५.१ किंवा पुढचं लागतं. अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोम १३८ हे शेवटचं व्हर्जन ठरलं. सहावं लक्षण दिसायला लागलं की समजायचं, ही साखळी सुरू झाली.

माझा सल्ला असा. सिक्युरिटी पॅच वर्षाहून जुना झाला आणि पुढचा येणार नाही हे नक्की झालं, की आधी बँक आणि पेमेंटची ॲप त्या फोनवरून काढा, मग मुख्य ईमेल. ब्राउझर आणि ॲप प्ले स्टोअरवरून मिळतील तोवर अपडेट करत राहा. गाणी, घड्याळ, कॅमेरा, मुलांचा अभ्यास, रेडिओ, यासाठी तो फोन वर्षानुवर्षं चालेल.

पुढचा फोन घेताना दुकानात रॅम आणि कॅमेऱ्याच्या आधी दोन गोष्टी विचारा: हे मॉडेल कधी बाजारात आलं, आणि सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार तिथे मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात, त्यामुळे कंपन्या आता हे वर्ष सांगू लागल्या आहेत. विक्रेत्याला माहीत नसेल तर तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाका आणि वाचा. जुना फोन कोणाला देणार असाल तर आधी गूगल किंवा ॲपलचं खातं काढा, आणि मगच रिसेट करा. उलट क्रमाने केलंत तर घेणाऱ्याच्या हातात तुमचा पासवर्ड मागणारा बंद फोन पडतो.